कुंभ, प्रलय आणि कावेरीची भूमी

गुरू सिंह राशीत आला म्हणजे महाराष्ट्रातील भाविक नाशिक-त्र्यंबकेश्वरची वाट धरतात. त्याच गुरूच्या त्याच राशीतील वास्तव्यात, माघ महिन्यात चंद्र मघा नक्षत्री असता, दूर दक्षिणेकडे कावेरीच्या काठी कुंभकोणम् या नगरीत ‘महामहम्’ नावाचा स्नानोत्सव भरतो. नाशिकचा सिंहस्थ २०१५ साली भरला, आणि पुढे थोड्याच महिन्यांनी, २२ फेब्रुवारी २०१६ रोजी, कुंभकोणमच्या महामहम् तळ्यात लाखो लोकांनी स्नान केले. एक पर्व गोदावरीचे, दुसरे कावेरीचे. पण दोहोंचे पंचांग एकच. मराठी माणसाला हे गाव तसे परकेही नाही. व्यंकोजीराजे भोसल्यांनी १६७६ च्या सुमारास तंजावरात जी गादी स्थापन केली, तिच्या राज्यात कुंभकोणम् होते. ते राज्य १८५५ पर्यंत टिकले, आणि त्या काळी तिकडे गेलेल्या घराण्यांची मराठी आजही त्या बाजूच्या काही घरांतून कानी पडते.

कुंभकोणमच्या नावाची उपपत्ती एका प्रलयाच्या कथेत आहे. विश्व जलमय होणार हे जाणून ब्रह्मदेवाने सृष्टीची बीजे आणि अमृत एका कुंभात भरून ठेवले. प्रलयाचे पाणी चढले तसा तो कुंभ तरंगत तरंगत दक्षिणेकडे आला. पाणी ओसरल्यावर तो एका ठिकाणी टेकला. तेव्हा किरातरूपी शिवाने बाण मारून तो फोडला. सांडलेल्या अमृताची तळी झाली. आणि अमृताने भिजलेली वाळू एकवटून शिवाने तिचे लिंग घडविले. तेच आदिकुंभेश्वर. हे लिंग वाळूचे मानले जात असल्यामुळे त्यावर पाण्याचा अभिषेक करीत नाहीत, असा तेथील संप्रदाय आहे.

अशा कथा ऐकल्या म्हणजे विचारी मनुष्यापुढे दोन मार्ग उभे राहतात. भाविक म्हणतो, हे अक्षरशः घडले. चिकित्सक म्हणतो, ही निव्वळ कविकल्पना. पण गेल्या पावणेदोनशे-दोनशे वर्षांत भूशास्त्राने जे दाखवून दिले आहे, त्यामुळे हा प्रश्न इतका सोपा राहिलेला नाही. समुद्राने पृथ्वीवरील अफाट भूमी गिळली, ही गोष्ट खरी आहे. ती मनुष्याच्या डोळ्यांदेखत घडली, हेही खरे आहे. मात्र ती केव्हा घडली, किती वेगाने घडली आणि कावेरीच्या प्रदेशाशी तिचा नेमका संबंध काय, हे नीट न पाहता कथेला इतिहास म्हणणे जितके चुकीचे, तितकेच इतिहासाला कथा म्हणून सोडून देणे चुकीचे.

हिमयुगाची कल्पना विद्वानांना प्रथम पटवून दिली ती लुई अगासी या स्विस शास्त्रज्ञाने. आल्प्स पर्वतातील हिमनद्या एके काळी आजच्याहून कितीतरी दूरवर पसरलेल्या होत्या आणि उत्तर यूरोप बर्फाखाली गाडला गेला होता, हे त्याने १८४० साली आपल्या ग्रंथात मांडले. लगेच दोन वर्षांनी, १८४२ साली, चार्ल्स मॅक्लारेन या स्कॉटिश लेखकाने एक साधा हिशेब पुढे केला. एवढे बर्फ जमिनीवर साठले असेल, तर ते पाणी आले कोठून? अर्थात समुद्रातून. मग त्या काळी समुद्राची पातळी शेकडो फूट खाली गेलेली असली पाहिजे. त्या वेळी अनेकांना हा तर्क धाडसाचा वाटला. पण आज तो सर्वमान्य आहे, आणि मॅक्लारेनने काढलेला आकडाही सत्यापासून फारसा दूर नव्हता.

आजच्या मोजमापांनुसार शेवटच्या हिमयुगाचा कळस सुमारे एकवीस हजार वर्षांपूर्वी झाला. कॅनडा, उत्तर अमेरिकेचा काही भाग आणि स्कँडिनेव्हिया यांवर ठिकठिकाणी तीन-तीन किलोमीटर जाडीचे बर्फ चढले होते, आणि जगातील समुद्र आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होता. इराणचे आखात कोरडे होते. सैबेरियातून अलास्कात पायी जाता येत असे. जावा, सुमात्रा आणि बोर्निओ ही बेटे आशियाच्या भूमीला जोडलेली होती. मुंबईसमोरचा समुद्र तर दूरवर उथळ असल्यामुळे तेथील किनारा आजच्या किनाऱ्यापासून दोनशे किलोमीटरांहूनही अधिक पश्चिमेस होता.

मग बर्फ वितळू लागले. साधारणपणे वीस हजार वर्षांपूर्वी सुरू झालेली ही क्रिया सात हजार वर्षांपूर्वी बहुतांशी संपली. तेरा हजार वर्षांत १२० मीटर, म्हणजे सरासरी शतकाला एक मीटरच्या आसपास पाणी चढले. पण हे चढणे एकसारखे नव्हते. सुमारे साडेचौदा हजार वर्षांपूर्वी काही शतकांतच समुद्र पंधरा ते वीस मीटर चढला. त्या काळी एखाद्या आजोबाने लहानपणी ज्या पुळणीवर शिंपले वेचले, ती पुळण त्याच्या नातवाला पाण्याखाली गेलेली दिसली असेल. त्यानंतर थंडीची एक लाट आली, आणि सुमारे ११,७०० वर्षांपूर्वी ती ओसरल्यावर पाणी पुन्हा जोराने वाढले. एका रात्रीत जग बुडविणारा प्रलय तो नव्हता, परंतु पिढ्यान् पिढ्या न थांबणारा, माघारी न फिरणारा असा तो प्रलय होता.

येथे एक अडचण लक्षात घेतली पाहिजे. समुद्र चढला की जमीन खचली, हे किनाऱ्यावर उभे राहून ओळखता येत नाही. दोहोंची फलश्रुती एकच दिसते. मुंबईत प्रिन्सेस डॉक खणला जात असता १८७८ साली चिखलाखाली एक बुडालेले अरण्य सापडले. ओहोटीच्या रेषेच्याही खाली शेकडो झाडे होती, आणि त्यांतील पुष्कळ आपल्या मुळांवर उभी होती. ही झाडे खाऱ्या पाण्यात वाढणारी नव्हती. कोरड्या जमिनीवरील खैराची ती झाडे होती. तेथील भूमी खाली बसली की पाणी वर आले, याविषयी तज्ज्ञांत पुढे बराच वाद झाला. याउलट कोकणात कित्येक ठिकाणी शंखशिंपल्यांच्या चुऱ्याचा घट्ट झालेला दगड आजच्या भरतीरेषेच्या वर आढळतो. परशुरामाने बाण सोडून समुद्र मागे हटविला, ही कोकणची कथा. समुद्र पुढे आला, ही कुंभकोणमची कथा. दोन्ही कथांना साक्ष देण्यासारखे काहीतरी भारताच्या किनाऱ्यावर सापडते, आणि म्हणूनच कोणत्याही एका साक्षीवर विसंबून निवाडा देता येत नाही.

या कोड्याचा उलगडा यूरोपच्या उत्तरेकडे झाला. स्वीडनच्या किनाऱ्यावर समुद्र दिवसेंदिवस मागे हटतो, असा तेथील कोळ्यांचा अनुभव होता. अँडर्स सेल्सियस या शास्त्रज्ञाने १७३१ साली येव्हले गावाजवळच्या एका बेटावर, सील माशांच्या बसण्याच्या खडकावर, पाण्याच्या पातळीची खूण कोरून ठेवली. ती खूण आज पाण्याच्या पुष्कळ वर आहे. पाणी कमी होत आहे, असे सेल्सियसला वाटले. खरे कारण १८६५ साली टॉमस जेमिसन याने सुचविले. बर्फाच्या प्रचंड ओझ्याखाली जमीन दबली होती. ओझे उतरल्यावर ती पुन्हा हळूहळू वर येत आहे. गादीवर बसलेला माणूस उठला म्हणजे गादी सावकाश फुगते, तसाच हा प्रकार. बॉथ्नियाच्या आखाताच्या उत्तर भागात जमीन आजही शतकाला सुमारे एक मीटर वर येते.

भारतावर असे हिमावरण नव्हते. बर्फ होते ते हिमालयात. तेव्हा कावेरीच्या मुखाशी जमीन अशी फुगून वर येण्याचे कारण नाही. तरीही पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला घडणाऱ्या या हालचालींचा परिणाम येथपर्यंत पोहोचला. सुमारे सहा-सात हजार वर्षांपूर्वी, बर्फ वितळण्याचे काम जवळजवळ संपले तेव्हा, विषुववृत्ताजवळच्या अनेक किनाऱ्यांवर समुद्र आजच्यापेक्षा दोन-तीन मीटर उंच होता. पुढे तो हळूहळू उतरला. बर्फाच्या ओझ्याने भोवतालचा समुद्रतळ फुगला होता. तो पुन्हा खाली बसू लागला, तेव्हा त्या खळग्यांत पाणी ओढले गेले. शिवाय नव्याने चढलेल्या पाण्याच्या भाराने समुद्राचा तळ दबला आणि किनारे किंचित उचलले गेले. रामेश्वरम् आणि पाल्कच्या उपसागराच्या आसपास आजच्या समुद्राहून उंच जागी मेलेल्या प्रवाळांचे थर आहेत. ते याच उंच समुद्राचे साक्षी आहेत. तिरुनेलवेलीच्या किनाऱ्यावरील ‘तेरी’ नावाच्या तांबड्या वाळूच्या टेकड्यांत बारीक दगडी हत्यारे सापडतात. फ्रेडरिक झ्यूनर आणि ब्रिजेट ऑल्चिन यांनी १९५६ साली त्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला, तेव्हा त्यांचे वय ठरविताना जुन्या समुद्रपातळीचाच आधार घेतला होता. तेव्हा बदलत्या किनाऱ्यावर माणसे राहात होती, याविषयी शंका नाही.

या माणसांनी सर्वांत मोठी भूमी गमावली ती पाल्कच्या सामुद्रधुनीत. मद्रासचा गव्हर्नर रॉबर्ट पाल्क याचे नाव मिळालेला हा समुद्र बहुतेक ठिकाणी दहा-बारा मीटरांहून खोल नाही. हिमयुगात तर ते सगळे सपाट मैदान होते. श्रीलंका हे तेव्हा बेट नव्हतेच. भारतभूमीचे ते दक्षिण टोक होते. श्रीलंकेतील फा हियेन गुहेत चाळीस हजार वर्षांहून जुन्या मानवी वस्तीच्या खुणा मिळाल्या आहेत. तेथे माणसे कोरड्या पायांनी गेली असतील, असे मानण्यास काहीच हरकत नाही. साधारणपणे आठ-दहा हजार वर्षांपूर्वी पाणी या मैदानावर पसरले आणि लंकेचे बेट झाले.

येथे एका मोहापासून सावध राहावे लागते. फिलिप स्क्लेटर या इंग्रज प्राणिशास्त्रज्ञाने १८६४ साली मादागास्कर आणि भारत यांतील प्राण्यांचे साम्य पाहून हिंदी महासागरात बुडालेल्या ‘लेमूरिया’ खंडाची कल्पना केली. पुढे तमिळ परंपरेतील समुद्राने गिळलेल्या प्राचीन भूमीच्या आख्यायिकेशी ती जोडली गेली आणि बुडालेल्या तमिळ खंडाचे एक भव्य चित्र उभे राहिले. समुद्रतळाचा अभ्यास झाल्यावर असे खंड तेथे कधी नव्हते, हे स्पष्ट झाले. पण खंड नव्हते म्हणून भूमीच गेली नव्हती, असे नाही. मन्नारच्या आखाताच्या कडेने आणि पाल्कच्या मैदानात जे बुडाले, ते खंडाएवढे नसले तरी एखाद्या राज्याएवढे निश्चित होते.

आता कावेरीकडे वळू. कोडगूच्या ब्रह्मगिरीत तलकावेरी येथे उगम पावलेली ही नदी सुमारे आठशे किलोमीटर वाहून बंगालच्या उपसागराला मिळते. समुद्र खाली गेला म्हणजे नदी आपले पात्र खोल खोदते. कारण तिला अधिक खाली उतरायचे असते. हिमयुगात कावेरीने तेच केले. नंतर समुद्र चढू लागला, तशी तिची खोदलेली दरी मुखाकडून बुडू लागली. नदी गाळ आणीत होती, पण समुद्र इतक्या वेगाने पुढे येत होता की गाळाला एके जागी थांबून भूमी करण्यास अवसरच नव्हता. सात-आठ हजार वर्षांपूर्वी समुद्राचा वेग मंदावला आणि तेव्हा कोठे नदीची सरशी होऊ लागली. नाईल, गंगा, मिसिसिपी आणि कावेरी या एकमेकींपासून इतक्या दूर असलेल्या नद्यांचे आजचे त्रिभुज प्रदेश जवळजवळ एकाच काळी आकार घेऊ लागले, याचे कारण हेच. या साऱ्या भूमी हिमयुगाच्या अखेरीची अपत्ये आहेत. मनुष्याने शेती शोधली आणि शेतीला सर्वांत अनुकूल अशा या भूमी तयार झाल्या, त्या दोन्ही घटना इतिहासात फार दूर नाहीत.

कुंभकोणम् कावेरी आणि अरसलार या दोन प्रवाहांच्या मध्ये वसले आहे. समुद्र तेथून सुमारे पन्नास किलोमीटर दूर, आणि गावाची उंची समुद्रसपाटीपासून पंचवीस मीटरांच्या आसपास. म्हणजे दर किलोमीटरला अर्धा मीटरही उतार नाही. या एका आकड्यावरून दोन गोष्टी सिद्ध होतात. पहिली अशी, की समुद्र आजच्यापेक्षा दोन-तीन मीटर उंच होता तेव्हाही तो कुंभकोणमपर्यंत आलेला नव्हता. कुंभाला तरंगवीत आणणारे पाणी समुद्राचे असूच शकत नाही. दुसरी अशी, की एवढ्या सपाट भूमीवर नदी हीच प्रलयाची देवता असते. पाऊस जोराचा झाला, पात्र भरले, बांध फुटला, की पाणी सर्वत्र पसरते. आणि ते ओसरते तेव्हा मागे ओली वाळू आणि गाळ ठेवून जाते. पाण्यासोबत बीजे आली, पाणी ओसरले, आणि वाळूतून देव उभा राहिला, या कथेत नदीकाठच्या शेतकऱ्याचा वार्षिक अनुभव आहे. समुद्राची स्मृती शोधायची तर ती किनाऱ्याकडे शोधली पाहिजे.

किनाऱ्यावर कावेरी समुद्राला मिळते तेथे पुहार, म्हणजेच कावेरीपट्टणम्, हे चोळांचे बंदर होते. ग्रीक भूगोलवेत्ता टॉलेमी याने दुसऱ्या शतकात या बंदराचा उल्लेख केला आहे. ‘शिलप्पदिकारम्’ आणि ‘मणिमेकलै’ या तमिळ महाकाव्यांत त्याचे वैभव वर्णिलेले आहे. चोळ राजाला पुत्रशोकात इंद्रोत्सवाचे भान राहिले नाही, म्हणून समुद्राने हे नगर गिळले, असे ‘मणिमेकलै’ सांगते. १९६० नंतरच्या दशकात भारतीय पुरातत्त्व खात्याने तेथे उत्खनन केले. किनाऱ्यापासून आत, किळैयूर येथे, विटांचा एक धक्का आणि त्याला नावा बांधण्याचे लाकडी खांब मिळाले. त्या लाकडाचे वय कार्बन-मापनाने इसवी सनापूर्वी तिसऱ्या-चौथ्या शतकाच्या आसपासचे ठरले. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने पुढे पाण्याखाली शोध घेतला. भरती-ओहोटीच्या पट्ट्यात भाजलेल्या मातीच्या कड्यांच्या विहिरी, तसेच उथळ पाण्यात विटा आणि खापरे मिळाली. नगराचा काही भाग समुद्रात गेला, हे काव्याचे म्हणणे येथपर्यंत खरे ठरले.

पण १९९३ च्या सुमारास, किनाऱ्यापासून सुमारे पाच किलोमीटर अंतरावर आणि तेवीस मीटर खोलीवर, घोड्याच्या नालासारखी एक दगडी रचना पाणबुड्यांना दिसली. ती मानवनिर्मित आहे की निसर्गनिर्मित, याचा निर्विवाद निर्णय झालेला नाही. तरीही परदेशातील काही लेखकांनी तिच्यावरून असा निष्कर्ष काढला की पुहार हे अकरा हजार वर्षांपूर्वी हिमयुगाच्या पाण्याने बुडालेले नगर होय. हा तर्क तपासून पाहिला पाहिजे. कारण तो मोठा मोहक आहे. समुद्र तेवीस मीटर खाली होता तो काळ दहा-अकरा हजार वर्षांपूर्वीचा, हे बरोबर आहे. ती रचना मानवनिर्मित असेल आणि कोरड्या जमिनीवर उभारलेली असेल, तर तीही तितकी जुनी ठरेल, हेही बरोबर आहे. परंतु त्यावरून पुहार नगराचे वय कसे ठरते? पुहारच्या विटा, खापरे आणि धक्का दोन-सव्वादोन हजार वर्षांपूर्वीचे आहेत. तेव्हा हिमयुगाचे पाणी चढून स्थिर होऊन पाच हजार वर्षे होऊन गेली होती. दोन वेगळ्या गोष्टींची एक गोष्ट करणे, एवढाच या निष्कर्षाचा आधार आहे.

मग पुहार का बुडाले? याचे उत्तर दक्षिणेकडील दुसऱ्या एका बंदराकडे पाहिले म्हणजे सापडते. पांड्यांचे कोर्कै हे मोत्यांसाठी प्रसिद्ध असलेले बंदर आज समुद्रापासून सहा-सात किलोमीटर आत आहे. ताम्रपर्णीच्या गाळाने समुद्र मागे लोटला आणि बंदर जमिनीवर राहिले. त्याच समुद्राच्या काठी, जवळजवळ त्याच काळी, एक बंदर बुडाले आणि दुसरे कोरडे पडले. समुद्राची पातळी जर दोहोंचे कारण असती, तर दोहोंची गती एकच झाली असती. तेव्हा कारण स्थानिक असले पाहिजे. नदी गाळ आणील तेथे भूमी वाढते. प्रवाह वळला, गाळ थांबला, की लाटा किनारा खातात आणि भुसभुशीत गाळाची जमीन आपल्याच वजनाने खाली बसते. कावेरीचे पाणी हळूहळू कोल्लिडम् या उत्तरेकडील शाखेकडे वळत गेले, आणि पुहारपाशी समुद्राला मिळणारा प्रवाह आज अगदी लहान आहे. ज्या किळैयूरच्या धक्क्याला नावा लागत, तो आज कोरडा आहे. वादळे तर या किनाऱ्याला नवी नाहीत. पुहारचा प्रलय हा अशा अनेक कारणांचा शतकानुशतके चाललेला खेळ होता.

याच किनाऱ्यावर दक्षिणेस तरंगंबाडी आहे. रघुनाथ नायक या तंजावरच्या राजाने १६२० साली डेन्मार्कच्या व्यापाऱ्यांना ते गाव दिले. तेथे मारवर्मन् कुलशेखर पांड्य याच्या काळी, चौदाव्या शतकाच्या आरंभी, समुद्रकाठी एक शिवालय बांधले गेले. त्याचा पुढचा भाग लाटांनी खाऊन टाकला. याउलट वेदारण्यम् आणि कोडिक्करै या टोकाकडे गेल्या पाच-सहा हजार वर्षांत समुद्राने वाळूचे बांधावर बांध घातले आणि जमीन पुढे सरकली. त्या बांधांमागे अडकलेल्या खाऱ्या दलदलीत मीठ पिकते. १९३० साली राजगोपालाचारी सत्याग्रहींना घेऊन त्रिचनापल्लीहून तंजावर, कुंभकोणम् मार्गे वेदारण्यमला गेले ते याच मिठासाठी. मागे हटलेल्या समुद्राने ठेवलेली ती ठेव स्वातंत्र्ययुद्धाच्या कामी आली.

आणखी खाली, पाल्कच्या उपसागरावर, दुसऱ्या सरफोजीराजांनी नेपोलियनच्या पराभवाच्या स्मरणार्थ एकोणिसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात एक उंच बुरूज बांधला. त्याचे नाव आजही मराठीच आहे: मनोरा. ज्या पाण्यावरून त्याची नजर फिरते, तेथे दहा हजार वर्षांपूर्वी पाणी नव्हते. आणि त्या पाण्याच्या दक्षिण टोकाला धनुष्कोडी आहे. २२ डिसेंबर १९६४ च्या रात्री चक्रीवादळाच्या लाटेने पांबनहून निघालेली आगगाडी उतारूंसह गिळली आणि ते गाव कायमचे उजाड केले. २६ डिसेंबर २००४ रोजी भूकंपाच्या लाटेने एका नागपट्टणम् जिल्ह्यातच सहा हजारांहून अधिक माणसे नेली. एका क्षणात नगर गिळणारा समुद्र ही कवीची अतिशयोक्ती वाटत होती. या दोन तारखांनी ती अतिशयोक्ती नसल्याचे दाखविले.

या प्रदेशातील माणसाने मात्र निसर्गाचे खेळ नुसते पाहिले नाहीत. करिकाल चोळाच्या नावाने ओळखला जाणारा कल्लणै हा बंधारा कावेरीचे पाणी त्रिभुज प्रदेशाकडे वळविण्यासाठी बांधला गेला. कोल्लिडमचा उतार अधिक असल्याने पाणी तिकडेच धाव घेई आणि कावेरीच्या शाखा गाळाने भरत. सर आर्थर कॉटन यांनी १८३६ साली कोल्लिडमच्या मुखाशी बंधारा घालून हा प्रवाह आवरला. १९३४ साली मेट्टूरचे धरण पूर्ण झाले आणि पाण्याचा हिशेब माणसाच्या हाती आला. तंजावरची भातशेती या कामांवर उभी आहे. परंतु धरण पाणी अडविते तसा गाळही अडविते. जो त्रिभुज प्रदेश सात हजार वर्षे गाळावर पोसला गेला, त्याचे अन्न वरच तोडले गेले. पाणी उपसल्याने जमीन खाली बसते, ती भरून काढण्यास नवा थर येत नाही. आणि किनाऱ्यालगतच्या विहिरींत खारे पाणी शिरते.

याच वेळी समुद्र पुन्हा चढू लागला आहे. १९०१ ते २०१८ या काळात जगातील समुद्राची पातळी सरासरी वीस सेंटिमीटर वाढली. आणि २००६ ते २०१८ या वर्षांत तिचा वेग वर्षाला ३.७ मिलिमीटर होता. हिमयुगाच्या अखेरीच्या मानाने हा वेग मंद आहे. सरासरी पाहिली तरी तेव्हा वर्षाला नऊ-दहा मिलिमीटर पाणी चढत होते. मग भीती कशाची? भीती अशी, की त्या काळच्या माणसाचे सर्व वित्त त्याच्या पाठीवर मावत होते. पाणी पुढे आले की तो मागे सरे. आज त्या सपाट भूमीवर शेते आहेत, गावे आहेत, देवळे आहेत, बंदरे आहेत. दर किलोमीटरला अर्धा मीटर उताराच्या प्रदेशात अर्धा मीटर पाणी म्हणजे काय, हे सांगण्यास गणिती नको. शिवाय पूर्वी नदी गाळ आणून समुद्राशी झुंजत होती. आज ती झुंजण्याच्या स्थितीत नाही. तमिळनाडू शासनाने २०२० साली कायदा करून कावेरीच्या त्रिभुज प्रदेशाला संरक्षित कृषिक्षेत्राचा दर्जा दिला आहे. पिच्चावरम् आणि मुत्तुपेट्टै येथील कांदळवने जतन करण्याचे प्रयत्न चालू आहेत. कारण ही झाडे लाट मोडतात आणि गाळ धरून ठेवतात. कायद्याने शेतजमीन उद्योगांपासून वाचेल. समुद्रापासून तिला वाचविण्याचे साधन गाळ, गोडे पाणी आणि किनाऱ्याची झाडे हेच आहे.

कुंभकोणमच्या कथेचा अर्थ या पार्श्वभूमीवर लावला तर तिला अकरा हजार वर्षांचे वय देण्याची गरज उरत नाही. तिच्यातील पाणी नदीचे आहे, बीजे शेतकऱ्याची आहेत आणि लिंग गाळाच्या वाळूचे आहे. ज्यांनी ती रचली, त्यांना हिमयुग ठाऊक नव्हते. पण आपली भूमी पाण्यानेच दिलेली आहे आणि पाणीच ती परत नेऊ शकते, एवढे त्यांना पक्के ठाऊक होते. वाळूच्या देवावर पाणी घालू नये, हा त्यांनी केलेला नियम आहे. त्या नियमामागील काळजी केवळ गाभाऱ्यापुरती न ठेवता साऱ्या त्रिभुज प्रदेशाला लावणे, हे यापुढच्या पिढ्यांचे काम आहे. पुढचे महामहम् २०२८ साली येईल. तोपर्यंत समुद्र आणखी काही सेंटिमीटर चढलेला असेल, आणि कावेरीने किती गाळ खाली आणला, यावर किनाऱ्याचे भवितव्य ठरत असेल.